वाटणीतला टीव्ही गेम

सुमितनं ऑनलाइन मागवलेल्या खोक्यावर लिहिलं होतं, पाचशे गेम. दाबून दाबून बघितल्यावर कळलं की गेम नऊच, बाकीचे त्याच नऊ जणांचे कपडे बदललेले भाऊबंद. एकात गडी निळा, दुसऱ्यात हिरवा, तिसऱ्यात तोच गडी पण पाऊस पडतोय. जालन्याच्या मोंढा बाजारात बारदान्याचा धंदा करणारा माणूस हा. जुन्या पोत्यावर नवा छाप मारलेला त्याला लांबून ओळखू येतो, आणि त्यालाच असं कुणी गंडवावं! पण त्यानं तक्रार केली न्हाई. त्या नऊमध्ये उडीवाला होता.

उडीवाला म्हणजे छत्री घेतलेला एक बुटका माणूस. खड्ड्यांवरून उड्या मारत, वाटेतले पेरू गोळा करत तो पळतो. काहून पळतो, हे लहानपणीही कुणाला कळलं न्हाई, कारण मूळ कॅसेटवर सगळं चिनी भाषेत होतं. ते पेरू आहेत हेसुद्धा मोठ्या भावानं, राधेश्यामनं, आपल्या अधिकारात ठरवलं होतं.

सुमितची पोरगी पलक दहावीत. बापाचं मन राखायला ती दुसरा रिमोट घेऊन बसली.

"पप्पा, हा माणूस कुठं चाललाय?"

"पुढं."

"पुढं काय आहे?"

"माहीत न्हाई. आम्ही शेवटपर्यंत कधी गेलोच न्हाई."

"इतकी वर्षं खेळून?"

"तिसऱ्या नदीत मरायचो."

"मंग तुम्ही नेमकं मिस काय करून राह्यले?" असं विचारून ती मोबाइलकडं वळली. प्रश्न बिनतोड होता. सुमित एकटाच बुटक्याला पळवत राहिला. त्याला गेम नको होता, शेजारी बसून शिव्या घालणारा माणूस पाहिजे होता. आणि तो माणूस वाटूरला होता, तासाभराच्या रस्त्यावर. अठरा वर्षांपासून.

आता ही अठरा वर्षांची गोष्ट सांगायलाच पाहिजे, न्हाई तर पुढचं काही कळायचं न्हाई.

वडील पन्नालालजी वारले आणि तेराव्यानंतर पंच बसले. दुकान, गोदाम, वाटूरची जागा, भांडी, गाद्या, सगळं सुरळीत वाटलं गेलं. शेवटी सतरंजीवर उरला टीव्ही गेमचा डबा, त्याचे दोन रिमोट, एक अडाप्टर आणि पिशवीभर कॅसेटी. पंच हसायला लागले. म्हणाले, हे द्या कुण्या लेकराला. पण मोठा तिशीचा आणि धाकटा पंचविशीचा, ह्या दोन लेकरांपैकी एकही सोडायला तयार न्हाई. मंग पंचांनी जुना नियम काढला: एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं निवडायचं. पाडणारा झक मारून बराबर पाडतो. त्या नियमानं डबा आणि रिमोट गेले वाटूरला राधेश्यामकडं, कॅसेटी आणि अडाप्टर राहिले जालन्याला सुमितकडं. वाटणी इतकी बराबर झाली की दोघांपैकी कुणालाच खेळता आलं न्हाई.

तेव्हापासून सुमित येईल त्याला सांगायचा, "भाईजीनं डबा दाबला." लग्न झाल्यावर बायकोला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. दोघं भाऊ सोयऱ्यांच्या लग्नांत भेटायचे, वेगळ्या पंगतीत जेवायचे. आई प्रेमबाई सुमितकडं असायची. तिला वाटूरला जायचं झालं की सुमितचा ड्रायव्हर तिला फाट्यावर उतरवायचा, तिथून राधेश्यामचा माणूस न्यायचा. सरहद्दीवर कैद्यांची अदलाबदल करतात तसं.

आणि आता राधेश्याम कायमचा चालला होता. पोरगा मयंक हैदराबादला नोकरीला, त्यानं तिथं फ्लॅट घेतला. वाटूरचं दुकान विकलं. उद्या सकाळी टेंपो भरून निघणार, हे सुमितला आईकडून कळलं. कळल्यावर त्यानं त्या पाचशे गेमच्या खोक्याकडं बघितलं, माळ्यावरून कॅसेटींची पिशवी काढली आणि गाडीत बसला. एक गेम. भाईजीसोबत एकच गेम, तो जायच्या आधी. बाकी त्याला काही मागायचं न्हव्हतं.

वाटूरला दार उषाभाभीनं उघडलं. सुमितला बघून तिच्या हातातला सुतळीचा गुंडा खाली पडला.

"माँजी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"खरं सांगा भैया, काय असंल ते सांगा."

"अहो भाभी, शेवया खाऊन बसली ती टीव्हीपुढं."

आतून राधेश्याम आला. अंगात बंडी आणि ओठावर ती मिशी. वाटूरमध्ये पत्ता सांगताना 'मिशीवाल्या शेठचं दुकान' असंच सांगायचे. जाड, काळीभोर, दोन्ही टोकं वर. वडील गेले तेव्हा रिवाजाप्रमाणं काढली होती, त्यानंतर तिला फक्त कात्री माहीत.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मराठीत विचारलं. ह्या घरात बोलणं मारवाडीत चालायचं आणि भांडण मराठीत, कारण मारवाडीत भांडलं की उगाच घरचं वाटतं. म्हणजे भांडण चालूच होतं.

"काही झालं न्हाई. तू चाललास म्हणून आल्तो."

"बरं. पिशवीत काय?"

"कॅसेटी."

राधेश्यामनं पिशवीत डोकावलं. मंग हळूच म्हणाला, "अडाप्टर?"

"आणलाय. डबा आहे का टाकला?"

राधेश्याम आत गेला आणि बारदान्यात शिवलेलं एक गाठोडं घेऊन आला. चारही बाजूंनी दुकानातल्यासारखी पक्की शिलाई. उषाभाभी म्हणाली, "मयंक किती रडायचा ह्याच्यापायी. हात लावू दिला न्हाई."

"लावून करायचं काय? कॅसेट कुठं होती?" राधेश्याम म्हणाला.

"मंग मागायची ना माझ्याकडं," सुमित म्हणाला.

"तू डबा मागायचा."

"वा! डबा तूच दाबलास अन् मीच मागायचा?"

राधेश्यामनं शिलाई उसवता उसवता वर बघितलं. "मी दाबला? सुमित, वाटे मी पाडले होते. निवडलं तू."

सुमितला वाटणीचा दिवस आठवला. सतरंजी आठवली, पंच आठवले, आणि आपण बोट कुठं दाखवलं होतं तेही आठवलं. त्यानं कॅसेटी निवडल्या होत्या. मुद्दाम. भाईजीला खेळताच येऊ नये म्हणून. इतकी वर्षं सांगून सांगून तो स्वतःच ते विसरला होता.

"पण तू असा येड्यासारखा वाटा काहून पाडलास?" तो म्हणाला. काही तरी म्हणायलाच पाहिजे होतं. "डबा एकीकडं अन् कॅसेट एकीकडं?"

"मला वाटलं, खेळायचं म्हणलं की एकाला दुसऱ्याच्या घरी यावंच लागंल," राधेश्याम सुतळीकडं बघत म्हणाला. "मला वाटलं तू आठ दिवसांत येशील."

उषाभाभी चहा टाकायला आत गेली. चहा टाकता येणारच न्हव्हता, शेगडी कालच बांधून ठेवली होती. पण तिला आत जावं वाटलं.

डबा निघाला तो नव्यासारखा. मात्र भिंतीवरच्या सपाट टीव्हीला त्याची ती चपटी दोन टोकांची वायर लावायला जागाच न्हव्हती. राधेश्यामनं टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात, आणि म्हणाला, "न्हाई घेत हा."

मंग सुरू झाला डबा टीव्हीचा शोध. उद्या गाव सोडणारा माणूस आज गावभर जुना टीव्ही हुडकत फिरला. एका घरी टीव्ही मिळाला, पण त्याची काच काढून आत गणपती बसवलेला. दुसऱ्या घरी मिळाला, त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली आणि मालकीण म्हणे, पंधरा दिवसांनी या. शेवटी कुणी तरी सांगितलं, माऊलीकडं चालू आहे.

माऊलीचं सलून वाटूर फाट्यावर. टीव्ही होता आणि चालूही होता, पण छताला लागून, लोखंडी पिंजऱ्यात, कुलूप लावून. किल्ली कधीच हरवलेली. वायर तेवढी माऊलीनं स्टूलवर चढून पिंजऱ्यातून आत घातली. बसायला दोनच खुर्च्या होत्या, दाढीच्या. मान मागं टाकल्याशिवाय टीव्ही दिसत न्हव्हता.

"खुर्ची अडवायची तर दाढी करा, शेठ," माऊली म्हणाला. "धंद्याचा टाईम आहे."

"कर बाबा," राधेश्याम म्हणाला.

असे दोन्ही भाऊ गळ्याला कापड गुंडाळून, माना मागं टाकून, तोंडाला फेस लावून आडवे झाले आणि कापडाखालून हातात रिमोट धरले. माऊलीला त्याच्या आयुष्यात असली गिऱ्हाइकं मिळाली न्हव्हती.

राधेश्यामनं एक नंबरचा रिमोट सुमितच्या मांडीवर टाकला. "घे. आज तू एक नंबर."

गेम सुरू करायचं बटण फक्त एक नंबरच्या रिमोटला होतं. लहानपणी ह्या बटणापायी सुमितनं भाईजीच्या दंडाला चावा घेतला होता. आता ते आयतं मिळालं. त्यानं दाबलं. पिंजऱ्यात बुटका पळायला लागला, गाणं वाजायला लागलं, आणि सुमितचा माणूस पहिल्याच खड्ड्यात गेला. दुसऱ्यांदा पहिल्या पेरूखाली. तिसऱ्यांदा काहीच नसताना.

"वा रे वाघा," फेसातून राधेश्याम म्हणाला. हे मारवाडीत म्हणाला.

मंग त्याची पाळी आली. आणि बघता बघता त्या जाड्या, बीपीच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या अंगठ्यांत कोण शिरलं कोण जाणे. खड्डा, खड्डा, पेरू, पूल. पहिली नदी. दुसरी नदी. माऊली एका हातात वस्तरा धरून वर बघायला लागला. बाकावर नंबर लावून बसलेले दोघं उठून उभे राहिले. तिसरी नदी आली. राधेश्याम थांबला, एक पाऊल मागं गेला, उडी मारली आणि पलीकडं!

"भाईजी!" सुमित ओरडला.

तिसऱ्या नदीपलीकडं ते कधीच गेले न्हव्हते. तिथलं आभाळ वेगळ्याच रंगाचं होतं. आणि लांब, टीव्हीच्या कडेला, एक दरवाजा दिसायला लागला. म्हणजे पुढं काही तरी होतं. बुटका कुठं तरी चालला होता.

माऊली भानावर येऊन परत कामाला लागला. वस्तरा ओठाच्या कडेला आला आणि सुमितला दरवाज्यासमोरचा शेवटचा खड्डा दिसला.

"भाईजी, उडी!"

राधेश्यामनं उडी मारली. बुटक्यानंही मारली आणि राधेश्यामनंही, सबंध खुर्चीतून, कापडासकट.

माऊलीच्या वस्तऱ्यावर अर्धी मिशी होती.

सुमितनं बटण दाबून गेम थांबवला. बुटका हवेत, दरवाज्याच्या अलीकडं, छत्री उघडून लटकला.

"शेठ..." माऊली म्हणाला. "मी सांगितलं होतं, हालू नका..."

राधेश्यामनं आरशात बघितलं. उजवीकडून तो वाटूरचा प्रतिष्ठित व्यापारी होता, डावीकडून कुणीच न्हव्हता. "काढ आता दुसरी," तो म्हणाला. "अर्धी घेऊन हैदराबादला जाऊ का?"

दुसरीही गेली. सुमितला इतकं वाईट वाटलं की तो म्हणाला, "माऊली, माझीपण काढ."

"तुझी कशाला? तुझी होतीच कुठं?"

"काढ म्हणलं ना."

सुमितची निघायला वेळ लागला न्हाई. मंग दोघांनी एकदमच आरशात बघितलं आणि दोघांचंही हसू गेलं. असे, एकाशेजारी एक, उघड्या ओठांचे, ते एकदाच बसले होते. सतरंजीवर, पंचांसमोर. आरशातल्या त्या दोघांना काही तरी सांगावं असं सुमितला फार वाटलं. पण ते ऐकणारे न्हव्हते. तेव्हाही न्हव्हते.

"बरं, चालू कर," राधेश्याम म्हणाला. "दरवाजा बघू."

सुमितचा अंगठा बटणावर होता. तेवढ्यात दारातून कल्याण आत आला. फाट्यावरच्या हॉटेलचा मालक, गावातल्या प्रत्येक मयताला सगळ्यात पुढं. त्यानं बघितलं: राधेश्याम शेठची मिशी काढलेली. शेजारी धाकटा भाऊ, जो अठरा वर्षांत वाटूरला फिरकला न्हाई. त्याचीही मिशी काढलेली. माऊलीच्या हातात वस्तरा, म्हणजे डोकी भादरायची तेवढी बाकी. ह्याच्यापुढं कुणाला काय विचारायचं राहतं?

"अरे देवा," कल्याण म्हणाला. "कधी झालं, शेठ?"

"काय कधी झालं?"

"धीर धरा, धीर धरा." आणि वर वाजणारं गाणं ऐकून तो खवळला. "माऊली! माणुसकी आहे का न्हाई? माय गेली लोकांची अन् तू टीव्ही लावून बसला?"

"अहो, थांबा—" सुमित कापडात गुंतलेला उठेपर्यंत कल्याणनं भिंतीवरचं बटण बंद केलं.

टीव्हीवरचं चित्र आत ओढल्यासारखं झालं, त्याचा पांढरा ठिपका झाला आणि ठिपका विझला. आभाळ, नदी, दरवाजा, काही न्हाई. ह्या जुन्या डब्याला काही लक्षात ठेवता येत न्हाई. लाईट गेली की परत पहिल्या खड्ड्यापासून.

दोघं भाऊ पिंजऱ्याकडं बघत राहिले. कल्याणला वाटलं, दुःखानं वाचा गेली. त्याचेही डोळे भरून आले. तो बाहेर गेला आणि त्यानं फोन लावायला सुरुवात केली.

मंग काय विचारता. फाट्यावर माणसं जमायला लागली. कुणी हार आणायला परतूरला माणूस पाठवला, कुणी उषाभाभीला धीर द्यायला बायका पाठवल्या. राधेश्याम सांगतोय, "अहो, आई बरी आहे," आणि लोक एकमेकांना खुणावतात, धक्का बसलाय, बोलू द्या त्यांना. एवढ्यात सुमितचा मोबाइल वाजला. घरून.

"सुमित, मी मेले म्हणं," प्रेमबाई म्हणाल्या.

"न्हाई ना, माँ."

"मोंढ्यातले दोघं आलेत. विचारून राह्यले, किती वाजता न्यायचं. मी म्हणलं, अजून ठरलं न्हाई, पाणी घ्या. खरंच दोघांनी मिशा काढल्या?"

"हो."

"दोघं एकाच ठिकाणी आहेत?"

"हो."

मंग प्रेमबाई म्हणाल्या, "एका गाडीत या. बाकी काही मला सांगू नका."

उद्याचा टेंपो, उघडे खोके, उषाभाभीभोवती बसलेल्या बायका, सगळं तसंच टाकून राधेश्याम सुमितच्या गाडीत बसला. डबा आणि कॅसेटी मागच्या सीटवर. राधेश्याम मधेमधे ओठावर हात न्यायचा आणि काही सापडलं न्हाई की खिडकीबाहेर बघायचा. जालना इतक्या लवकर आलं की सुमितला राग आला. एवढाच रस्ता होता हा?

प्रेमबाई दारातच उभ्या होत्या. दोघांना एका गाडीतून उतरताना त्यांनी नीट बघितलं. मंग दोघांच्या ओठांवरून बोट फिरवलं. "मला वाटलं होतं, हे बघायला मला खरंच मरावं लागंल," त्या म्हणाल्या. "जेवायला बसा."

जेवणं झाली. पलकनं टीव्हीखालचं नवं खोकं पुढं ओढलं. "बडे पापा, ह्यात पण उडीवाला आहे. आणि कुठंही सेव्ह करता येतं. मेलं तरी तिथूनच परत सुरू."

राधेश्यामनं रिमोट हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि तिला परत दिला. "चांगलंय बेटा. पण आता निघतो. सामान बाकी आहे."

"एक गेम खेळ ना," सुमित म्हणाला.

"आता कुठं. सहा वाजून गेले."

निघताना राधेश्याम आईच्या पाया पडला. तिनं त्याचा हात धरून ठेवला, मंग सोडला.

सुमितनं त्याला परत वाटूरला सोडलं. फाट्यावर दिवे लागले होते, माऊलीचं सलून बंद झालं होतं. मागच्या सीटवरचं गाठोडं सुमितनं काढलं तर राधेश्यामनं ते परत आत ढकललं.

"सगळं तूच ठेव. मी तिथं कुणासोबत खेळू?"

"अन् मी कुणासोबत?"

राधेश्यामनं मागचं दार लावलं, सुमित परत गाडीत बसला. राधेश्याम खिडकीत वाकला आणि म्हणाला, "हळू चालव. मंठ्याचे ट्रक लई जोरात येतात." आणि गेला. पाठमोरा तो कुणीही वाटत होता, मिशीवाले शेठ तर बिलकुल न्हाई.

सुमितनं गाडी चालू केली न्हाई. तसाच बसून राहिला. परतूरहून हार घेऊन निघालेला माणूस बस चुकल्यानं आत्ता कुठं पोचला होता, त्याला खरी बातमी अजून कुणी सांगितली न्हव्हती. त्यानं सुमितची काढलेली मिशी बघितली, काचेवर टकटक केलं आणि हात जोडले.

"ऐकून लई वाईट वाटलं, शेठ."

सुमितनं काच खाली घेतली. त्यानंही हात जोडले.

"हो," तो म्हणाला. "फार वाईट झालं." आणि हार ठेवून घेतला.